अर्धा सूर वर

सातपूरला, पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर माझा स्टुडिओ.
गिरणी रात्री साडेआठला थांबते,
तोवर काही रेकॉर्ड होत नाही,
हे केदारीकाकांना मी फोनवर सांगितलं होतं.
ते सातलाच आले.
जिन्याच्या पायरीवर बसून राहिले,
गव्हाचं पीठ गिटारच्या काळ्या पेटीवर उतरत राहिलं.

सॅमी केदारी. शरणपूरचे. वय चौऱ्याहत्तर.
छत्तीस वर्षं नोटप्रेसमध्ये, तपासणीला.
आणि शनिवारी रात्री देवळाली कॅम्पातल्या हॉलात
खांद्यावर रुळणारे केस, कानठळ्या बसवणारा अँप्लिफायर,
पुढच्या रांगेत तोफखान्याचे जवान
(त्यांनाच तेवढा आवाज सोसायचा).
बँडचं नाव सायरन. प्रेसच्या भोंग्यावरून.

खिशातून कॅसेट काढली. रबर लावलेली.
लेबलवर निळ्या पेनानं एवढंच:
केर्सी. माझी बाजू.

मी लावली.
आधी खरखर. मग कुकरची शिट्टी.
कुणीतरी खुर्ची ओढली, घसा खाकरला
आणि एकटी गिटार चालू लागली,
लॅम रोडवर पुढं गेलेला माणूस
मागच्याची चाहूल घेत चालतो तशी.
शब्द नाहीत. गाणारं कुणी नाही.
"दोघांचं होतं," काका म्हणाले.
"त्यानं आधी वाजवून ठेवलं. मी रविवारी जाणार होतो."
कुठला रविवार, ते मी विचारलं नाही.

सूर जुळेनात.
कॅसेट वर होती. अर्धा सूर,
अर्ध्यालाही जरासा कमी.
म्हटलं, कम्प्युटरवर खाली आणतो, दोन मिनिटांचं काम.
"नको. तो चुकलेला नाही.
त्या दिवशी लाइट नव्हती, सेल उतरले होते.
मशीन हळू फिरलं. हळू भरलं गेलं,
म्हणून आता घाईनं बाहेर येतंय."

मग एकेक खुंटी पिळत
त्यांनी स्वतःची गिटार वर चढवली,
त्या विशीतल्या पोराच्या उंचीला.
पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर घेतात तसा
दर तारेनंतर एक थांबा.
पहिली तार तुटली, बोट कापलं.
बोट तोंडात धरून
दुसऱ्या हातानं पेटीत नवी तार शोधली.

वाजवायला लागले.
बोटं आता तितकी वळत नाहीत.
जिथं सात सूर टाकायचे तिथं दोनच ठेवत,
बाकीची जागा केर्सीला.

आणि मग ती जागा आली.
केर्सी थांबतो. टेपवर पुटपुटतो, "हं, सॅमी, तू."
पुढं सोळा मात्रा नुसता त्याचा पाय,
फरशीवर, बुटाच्या टाचेनं,
आणि फार लांब, रेंजवर,
सरावाची एक तोफ.

पहिल्या टेकला काका वाजवायचंच विसरले.
दुसऱ्याला वाजवलं, भरभरून, हॉलातलं,
शिट्ट्या पडाव्यात असं.
स्वतःच हात वर केला.
"पुसून टाक. दाखवायला वाजवलं."
तिसऱ्याला
गिटार मांडीवर आडवी.
टेपमधल्या पायाबरोबर यांची चप्पल,
जरा मागं,
अजून मागं,
मग बरोबर.

माझी नजर मीटरवर. काटा हलतोय न हलतोय.
सोळा झाल्या. केर्सी पुन्हा सुरू झाला
आणि काका त्याच्यात असे शिरले
जसं मधलं काही झालंच नव्हतं.

निघताना पैसे मोजले.
बंडल पंख्यासारखं उघडून, नजर दुसरीकडंच.
एक नोट मात्र दिव्यापुढं धरली,
आतला धागा बघितला, सवयीनं,
आणि माझ्या हातावर ठेवली.
पाकिटात फोटो होता; दाखवतील असं वाटलं.
दाखवला नाही.

कॅसेट टेबलावर राहिली.
विसरले की ठेवून गेले, देव जाणे.

सकाळी खाली गिरणी सुरू झाली.
सहा वर्षं मी तिला शिव्या देत आलोय.
आज पेटी उघडली, भाता ओढला,
पट्टी पट्टी दाबत बघत बसलो
ती कुठल्या सुरात दळते.